ज्याचा फोटो, त्याचा शब्द

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत शनिवार-रविवारी कॅमेऱ्यांची जत्रा भरते. फार्महाऊसच्या हिरवळीवर लग्नाआधीचं शूटिंग चालू असतं, भिवपुरीच्या धबधब्याखाली ओलीचिंब पोरं मोबाइल उंच धरून उभी असतात, कोंडाण्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या वाटेवर कुणीतरी कुणाला तरी ‘जरा मागे सरक’ म्हणत असतं. चौकजवळच्या एन. डी. स्टुडिओत तर किल्ले, वाडे, गल्ल्या २००५ पासून खास कॅमेऱ्यासाठीच उभ्या आहेत. आणि याच मुलखात अशीही घरं आहेत, जिथे गेलेल्या म्हाताऱ्याचा भिंतीवर एकुलता एक फोटो असतो. तोही कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापलेला, मोठा केलेला, मागे निळा रंग भरून हार घातलेला. माणूस होता तेव्हा त्याचा फोटो काढायचं कुणाला सुचलं नाही, गेल्यावर शोधाशोध झाली. या विसंगतीवर वाद घालायला मी इथे दोघांना समोरासमोर बसवलं आहे. मामा कर्जतच्या बाजारपेठेतले जुने स्टुडिओवाले, भाची रोज लोकलने मुंबईला नोकरीला जाणारी. दोघंही कल्पित आहेत, त्यांची मतं मात्र नाहीत. मध्ये मीही बोलणार आहे, कारण या वादात मी तटस्थ नाही.

भाची : मामा, तुमच्या काळच्या अल्बमात घर दिसतच नाही. बारसं, साखरपुडा, लग्न, गौरी-गणपती, फार तर कुणाची साठी. बाकीचे दिवस जणू कुणी जगलंच नाही. पिअर बोर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९६५ साली सहकाऱ्यांबरोबर फोटोग्राफीच्या सामाजिक वापरावर पुस्तक काढलं, त्यात हेच आहे. सामान्य घरांत कॅमेरा बाहेर निघतो तो समारंभाला, कारण आपण सगळे एक आहोत हे दाखवायचं काम त्याच्याकडे दिलेलं असतं. म्हणजे कुटुंबाने स्वतःलाच दिलेलं प्रमाणपत्र. मला ते नको. आजी भाकरी थापून झाल्यावर पिठाचा हात परातीच्या कडेला निपटते, आवणीच्या दिवसांत ओट्यावर चिखलाच्या पावलांची रांग उमटते, थंडीत पोपटीसाठी वालाच्या शेंगा निवडताना सगळ्या बाया एकदम बोलतात आणि कुणीच ऐकत नाही, ते मला हवं आहे. इरलं गेलं, प्लास्टिकचा कागद आला. जातं गेलं. उद्या आणखी काय जाईल ते आज सांगता येत नाही, म्हणून सगळंच टिपून ठेवावं.

मामा : सगळंच? एकशेवीसच्या रोलमध्ये बारा फोटो बसायचे, बाय. बटण दाबायच्या आधी माणूस विचार करायचा, कारण रोल धुवायला पैसे पडायचे. तुझ्या मोबाइलमध्ये हजारो पडलेत, त्यातला एक तरी तू दुसऱ्यांदा उघडून पाहिलास का? आजी भाकरी थापत असताना तू तिच्याकडे बघतेस की पडद्याकडे? ती बोलतेय ते तुला ऐकू तरी येतं का? मला विचारशील तर रोजचं रोज जगावं. फोटो वर्षातून एकदा काढावा, नीट आंघोळ करून, नवे कपडे घालून, सगळ्यांनी एका रांगेत उभं राहून.

मामांची ही शंका नुसती म्हातारपणाची कुरकुर नाही, तिला प्रयोगशाळेचा आधार आहे. अमेरिकेतल्या फेअरफिल्ड विद्यापीठातल्या लिंडा हेन्केल यांनी विद्यार्थ्यांना एका संग्रहालयात फिरवलं. काही वस्तू नुसत्या पाहायला सांगितल्या, काहींचे फोटो काढायला. दुसऱ्या दिवशी ज्यांचे फोटो काढले होते त्या वस्तू विद्यार्थ्यांना कमी आठवल्या. २०१४ साली हा निष्कर्ष छापून आला आणि ‘फोटो काढाल तर विसराल’ असा त्याचा बोलबाला झाला. बोलबाल्यात एक गोष्ट गळली. त्याच प्रयोगात ज्यांनी वस्तूच्या एखाद्या भागाजवळ कॅमेरा नेऊन तेवढाच टिपला, त्यांची आठवण कमी झाली नाही. पुढे २०१७ साली ॲलिक्झांड्रा बाराश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना स्वतःच्या मर्जीने फोटो काढू दिले, तेव्हा डोळ्यांनी पाहिलेलं त्यांना अधिक आठवलं, अगदी फोटो हाती नसतानाही. पण कानांनी ऐकलेलं कमी आठवलं. आजीचं बोलणं ऐकू येतं का, हा मामांचा प्रश्न म्हणजे नेमका याच जागी ठेवलेलं बोट आहे. कॅमेरा डोळ्याला काही देतो आणि ते कानाकडून काढून घेतो. म्हणून भाकरीचा एक फोटो काढून मोबाइल फळीवर ठेवावा आणि आजीचं ऐकत बसावं, इतकंच या प्रयोगांतून निघतं. फोटो काढूच नये, असं निघत नाही.

भाचीच्या बाजूचा पुरावा वेगळ्या जागी आहे. टिंग झँग आणि सहकाऱ्यांनी, तेही २०१४ सालीच, लोकांकडून अगदी किरकोळ गोष्टी लिहून घेतल्या : अलीकडे कुणाशी काय बोलणं झालं, सध्या कोणती गाणी ऐकता. काही महिन्यांनी हे वाचायला आवडेल का, असं विचारल्यावर लोकांनी फारसा उत्साह दाखवला नाही. प्रत्यक्ष वाचायची वेळ आली तेव्हा त्यांनी स्वतःच केलेल्या अंदाजापेक्षा मजा जास्त आली, आणि अंदाज जास्त चुकला तो खास दिवसाच्या नोंदीपेक्षा साध्या दिवसाच्या नोंदीबाबत. (या निबंधाच्या सहलेखकांपैकी एकीच्या इतर संशोधनावर पुढे मोठा वाद झाला. म्हणून यावरच सगळा डोलारा उभारू नये. पण साधा अनुभवही हेच सांगतो.) लग्न लक्षात राहतंच, त्याला साक्षीदार पुष्कळ असतात. लोकलमधून रात्री उशिरा आलेला बाप निजलेल्या पोराच्या अंगावरची गोधडी सारखी करतो, त्याला साक्षीदार नसतो. कर्जत ते मुंबई म्हणजे शंभर किलोमीटर आणि एका खेपेचे दोन-सव्वादोन तास. इथल्या कितीतरी घरांत मूल आणि कमावतं माणूस दोघंही जागे असण्याचे तास मोजकेच. अशा घरात साधा दिवस हीच दुर्मीळ चीज आहे.

इथवर भाचीचं पारडं जड वाटेल. पण मामांचा खरा आक्षेप अजून यायचा आहे, आणि माझ्या मते या सगळ्या वादाचं मर्म तिथेच आहे.

मामा : तुम्ही लोक स्टुडिओच्या फोटोला नाटकी म्हणता. मागे बागेचा पडदा, शेजारी कमरेएवढा स्टूल, त्यावर प्लास्टिकची फुलं. मान्य. पण तिथे यायचं कोण, ते बघ. वर्षभर गुडघाभर चिखलात किंवा वीटभट्टीवर राबणारा माणूस पोटाला चिमटा काढून पैसे घेऊन यायचा. आमच्याकडे कोट टांगलेला असायचा, तो चढवायचा. केसांना पाणी लावायचा. कॅबिनेट साइज परवडत नसेल तर पोस्टकार्ड साइज घ्यायचा. मी निगेटिव्हवर पेन्सिलीने टचिंग करून त्याच्या गालावरचे देवीचे वण पुसायचो, कारण तो तसं सांगायचा. कसं दिसायचं, ते तो ठरवायचा. उभ्या जन्मात दुसरं कुणी त्याला तसं विचारलं असेल का? आणि तू म्हणतेस चिखलाच्या पायांचा काढ, नकळत काढ. तो फोटो तुला हवा आहे. त्याला हवा आहे का?

फोटोग्राफीचा आपल्याकडचा इतिहास मामांच्या बाजूने साक्ष देतो. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. त्यानंतर दहा-बारा वर्षांत, १८६३ आणि १८६६ मध्ये, विल्यम जॉन्सन याचा मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचा दोन भागांतला ग्रंथ निघाला. त्यातली माणसं एका ठिकाणी टिपलेली आणि मागची दृश्यं दुसरीकडची, दोन्ही नंतर जुळवलेली. १८६८ ते १८७५ या काळात सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड काढले, त्यात बहुतेक ठिकाणी फोटोखाली माणसाचं नाव नाही, जातीचं किंवा जमातीचं आहे. मागचा पडदा दोन्हीकडे खोटाच आहे, कर्जतच्या स्टुडिओतही आणि जॉन्सनच्या ग्रंथातही. फरक इतकाच की स्टुडिओतला पडदा गिऱ्हाइकाने निवडला होता आणि ग्रंथातला, ज्याचा फोटो त्याला न विचारता, पाठीमागे आणून लावला होता. आजही आपल्या भागातल्या कातकरी वाड्यांत अशी माणसं भेटतील, ज्यांचा बऱ्या अवस्थेतला एकमेव फोटो आधार कार्डावरचा आहे. तो काढताना ‘इकडे बघा’ एवढंच ऐकू येतं, पसंतीचा प्रश्न नसतो. त्या माणसांची पोरं मात्र इर्शाळगडाला किंवा पेठच्या किल्ल्याला आलेल्या ट्रेकर मंडळींच्या मोबाइलमध्ये भरपूर सापडतात. अगदी सहज, नैसर्गिक, शेंबूड आणि हसू यांसह. ते फोटो वाडीत परत येत नाहीत.

याच्या उलट एक फोटो पाहा, बराच गाजलेला. दादरच्या राजगृहात फेब्रुवारी १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कुटुंबासह काढून घेतलेला. मुलगा यशवंत, बाबासाहेब, रमाबाई, वडील भावाच्या पत्नी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद आणि टॉबी नावाचा लाडका कुत्रा. हा फोटो अजिबात नकळत टिपलेला नाही. मंडळी ठरवून, नीट, कॅमेऱ्याला तोंड देऊन आहेत. त्याआधी सातच वर्षांपूर्वी, १९२७ मध्ये, आपल्याच जिल्ह्यात (तेव्हा त्याला कुलाबा म्हणत) महाडला तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला होता. ज्यांना सार्वजनिक पाण्यापाशीसुद्धा उभं राहू दिलं जात नव्हतं, त्यांनी स्वतःच्या घरात स्वतःच्या मनासारखा काढून घेतलेला हा फोटो आहे. पुढच्याच वर्षी मे महिन्यात रमाबाई गेल्या. त्यांचे फोटो मोजकेच, त्यातला हा एक. आणि तरीही या सरळ मांडणीत रोजचं घर आलं आहेच : भावजय आहे, पुतण्या आहे, कुत्रा आहे. बसून काढलेला फोटो म्हणजे जिवंतपणा गेला, असं म्हणणाऱ्याने टॉबीचा विचार करावा.

म्हणून मला वाटतं, मांडून काढलेला फोटो बरा की सहज टिपलेला, हे भांडणच दुय्यम आहे. फोटोवर हुकूम कुणाचा चालतो, हे आधी विचारावं. ज्याचा फोटो त्याचा शब्द शेवटचा असेल तर पडदाही चालेल आणि चिखलही. नसेल, तर कितीही गोड क्षण असो, तो त्याच्याकडून घेतलेला आहे, त्याला दिलेला नाही. पैसे देऊन, वेळ ठरवून, फार्महाऊसवर इरलं आणि कंदील हातात धरून शेतकऱ्याचा वेश करणाऱ्या जोडप्यालाही मी यावरून हसणार नाही, त्यांचा फोटो त्यांचाच आहे. मात्र त्या चौकटीत पलीकडे खऱ्या शेतात वाकलेली बाई आली असेल, तर तिला विचारलं होतं का, एवढं मी विचारीन.

भाची : पण विचारलं की सहजपणा मरतो, मामा. आजीला म्हटलं ‘फोटो काढते’, की ती भाकरी सोडून उठते, लुगडं बदलते, पदर डोक्यावर घेते, हात धुते आणि शाळेच्या तपासणीला उभं राहावं तशी ताठ होते. मग माझ्या रोजच्या दिवसाचं काय उरलं?

मामा : लुगडं बदलू दे की. चूल कुठे बदलली?

मामांच्या या एका वाक्यात बरंच काही आहे. आजी नवं लुगडं नेसून परत चुलीपाशीच बसली, तर तो फोटो खोटा कसा? उलट त्यात एक माहिती जास्त आली, की या बाईला आपल्या चुलीपाशी असं दिसायला आवडतं. माझी भीती दुसरीकडे आहे, आणि ती दोघांनाही लागू पडते. रोजच्या जगण्याच्या फोटोंत बायकांचे कष्ट फार देखणे दिसतात. तिरपं ऊन, धूर, पितळेची भांडी; धूर डोळ्यात जातो ते फोटोत येत नाही. घरातला मुलगा आईचा असा फोटो काढतो तेव्हा तोही त्या ट्रेकरसारखाच बाहेरचा असू शकतो, नातं कितीही जवळचं असो. यावर उपाय फोटो टाळणं हा नाही. तसं केलं तर त्या कष्टाची उरलीसुरली नोंदही जाईल. उपाय असा की मोबाइल आईच्या हातात द्यावा. ती कशाचा फोटो काढील, सांगता येत नाही. कदाचित चुलीशेजारच्या गॅसच्या शेगडीचा, जी तुम्ही प्रत्येक फोटोत चौकटीबाहेर ठेवलीत. यात आणखी एक फायदा आहे. स्टुडिओवाल्याच्या काळात सगळं कुटुंब फोटोत असायचं, कारण बटण दाबणारा परका होता. मोबाइल आल्यापासून घरातलं एक माणूस कायम गायब असतं, तेच ते, जे सगळ्यांचे फोटो काढतं. पुष्कळ घरांत ते माणूस म्हणजे आईच, आणि दहा वर्षांनी मुलांना वाटावं की सहलीला आई नव्हतीच.

भाची : बरं, हुकुमाचं मानलं. पण तुमचा एकच फोटो, भिंतीवरचा, तो गेला की सगळं गेलं. माझे ढगात तरी असतात.

मामा : ढगात! पासवर्ड कुणाला माहीत? तू?

या चकमकीला खालापूर तालुक्यात एक भयंकर संदर्भ आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याच्या इर्शाळवाडीवर दरड आली. सत्तावीस मृतदेह हाती लागले, २३ जुलैला शोध थांबवला, आणि सत्तावन्न माणसं सापडलीच नाहीत. ठाकर समाजाची ही वाडी. वर जायला पायवाट होती, रस्ता नव्हता. माणसं गेली त्यापुढे फोटोंचं काय, असं कुणी म्हणेल. पण जपानने २०११ च्या त्सुनामीनंतर असं म्हटलं नाही. मियागी प्रांतातल्या यामामोतो गावी स्वयंसेवकांनी चिखलातून निघालेले साडेसात लाखांच्या आसपास फोटो धुतले, वाळवले, त्यांची डिजिटल नोंद केली आणि लोकांना ओळख पटवून घरी नेऊ दिले. हे शक्य झालं कारण ते कागदावरचे फोटो होते. पाण्यात भिजलेली जिलेटिनची पातळ परत लगेच स्वच्छ गार पाण्यात सोडवली तर पुष्कळदा वाचते. (आपल्याकडे २६ जुलै २००५ सारखा पूर पुन्हा आला तर लक्षात ठेवावं : एकमेकांना चिकटलेले फोटो कोरडे ओढू नयेत, पाण्यात सुटे करावेत आणि चेहरा वर ठेवून सावलीत वाळवावेत.) दरडीत मात्र कागदही वाचत नाही आणि मोबाइलही. तिथे वाचते ती दुसऱ्या गावी असलेली प्रत. लेकीच्या सासरी, मामाच्या घरी, आश्रमशाळेच्या वर्गाच्या फोटोत. म्हणून कागदावर, एकापेक्षा जास्त प्रती आणि नातलगांत वाटलेल्या, हा मामांचा जुना धंदेवाईक सल्ला मला आजही सर्वांत शहाणा वाटतो. ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो आज लालसर पडले आहेत, हे खरं. पण लालसर आजोबा दिसतात तरी. बंद पडलेल्या मोबाइलमधले दिसत नाहीत.

मग हजारो फोटोंचं काय करायचं? पुसायचे नाहीत, पण वर्षाला वीस-पंचवीस निवडून छापायचे, आणि निवड गणपतीत करायची, घर भरलेलं असताना. ज्याचा फोटो त्याने ‘हा नको’ म्हटलं की तो नको. लहान मूल नाही म्हणू शकत नाही, म्हणून त्याचा फोटो गावभर पाठवू नये. घरात ठेवावा आणि बारा-तेरा वर्षांचं झालं की त्याला विचारावं. इतकं केलं तर भाचीला तिचे साधे दिवस मिळतात आणि मामांना त्यांचा मान. दोघंही यावर पूर्ण खूश होणार नाहीत.

भाची : आणि मागे काय लिहू? नाव, गाव, तारीख?

मामा : नाव, गाव, तारीख, आणि काय चाललं होतं ते. ‘आजी’ असं लिहू नकोस, कुणाची आजी? पूर्ण नाव लिही. बॉलपेन दाबून लिहिलंस तर पुढच्या बाजूला वळ उठतील, आणि या नव्या चकचकीत कागदावर पेन्सिल उठत नाही. पाकिटावर लिही नाहीतर बारीक मार्कर आण. आणि फोटो काढणाऱ्याचंही नाव लिही.

भाची : काढणाऱ्याचं नाव कशाला? घरचाच फोटो आहे.

मामा : आमच्या प्रत्येक फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का असायचा. खराब निघाला तर गिऱ्हाईक तो हातात घेऊन भांडायला यायचं. तुझ्याशी भांडायला कुणी कुठे यायचं?